खर्चाच्या यादीत नाचणाऱ्या कुठे आहेत?

दोन वर्षांपूर्वी आमच्या कथक ग्रुपच्या वार्षिक कार्यक्रमाचा हिशेब ठेवायचं काम माझ्याकडे आलं. कारण साधं होतं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे मला एक्सेल येत असणार. (सॉफ्टवेअरवाल्यांना प्रिंटर दुरुस्त करता येतो, हाही असाच एक समज.) तर मी शीट बनवली. सभागृहाचं भाडं आणि अनामत. तबला, तालमींसह १२,०००. लेहऱ्याला हार्मोनियम, ७,०००. साउंड. लाइट्स, आणि लाइट्सवाल्यांच्या दोन पोरांचा चहा-वडापाव. मेकअपवाल्या काकू, डोक्यामागे ४००. फोटो आणि व्हिडिओ. निवेदिका, २,५००. प्रमुख पाहुण्यांसाठी शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. पडदा ओढणाऱ्या मामांना 'खुशी', ५००.

बेरीज केली, ताईंना पाठवायच्या आधी एकदा वरून खाली नजर फिरवली, आणि तेव्हा लक्षात आलं की त्या संध्याकाळी दीड तास जे चौदा जण नाचणार होतो, त्यांची ओळच नव्हती. नाही, चुकले. होती. जमेच्या बाजूला होती. 'सहभाग शुल्क, १४ × १,५००'. म्हणजे नारळाला पैसे मिळणार होते, आणि आम्ही भरणार होतो.

मी अगदी निरागसपणे विचारलं, "ताई, यात आपल्या मुलींसाठी काही धरायचं का? निदान येण्याजाण्याचा खर्च?" ताई दुखावल्या वगैरे नाहीत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, आपली संस्था ना नफा ना तोटा तत्त्वावर आहे ना."

हे वाक्य मी त्याआधी शंभर वेळा ऐकलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला, आणि तो लागेना. तबलजींना १२,००० देताना संस्था कोणत्या तत्त्वावर होती?

या एका वाक्याच्या आधारावर पुण्यात, मुंबईत, नाशिकला, नागपूरला किती ग्रुप चालत असतील याचा मला अंदाज नाही. पण ज्या-ज्या ग्रुपमधल्या नाचणाऱ्यांशी मी यावर बोलले, मग ते कथकवाले असोत, भरतनाट्यमवाले असोत की मिरवणुकीतल्या पथकातले, त्यांतल्या बहुतेकांनी हेच उत्तर ऐकलं होतं. आणि बहुतेकांनी माझ्यासारखंच ते मान खाली घालून स्वीकारलं होतं. म्हणून आधी त्या वाक्याचाच हिशेब करू.

ना-नफा संस्था म्हणजे काय, हे कायद्यात फार गूढ भाषेत लिहिलेलं नाही. आपल्याकडे असे ग्रुप बहुधा १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले असतात. कुणी जरा हौशी असेल तर २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली कंपनी काढतो. तिन्हींचा गाभा एकच आहे. वर्षाअखेरीस जी शिल्लक राहील ती संस्थापकांनी, विश्वस्तांनी, सभासदांनी आपसांत वाटून घ्यायची नाही. संस्थेच्या उद्दिष्टांसाठीच वापरायची. बस. नफा वाटायचा नाही. काम करणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, असं यात कुठेही नाही. रुग्णालय चालवणारा धर्मादाय ट्रस्ट नर्सला पगार देतो. शाळा चालवणारी सोसायटी शिक्षकांना देते (किती आणि कधी देते हा वेगळ्या लेखाचा विषय). नर्सचा पगार हा ट्रस्टचा नफा आहे असं कुणी म्हणत नाही. तो खर्च आहे, आणि ज्यासाठी ट्रस्ट काढला तोच खर्च आहे.

आयकराच्या अंगाने पाहिलं तर गंमत आणखी वाढते. करमाफी हवी असलेल्या ट्रस्टने आपल्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करावा, अशी अपेक्षा असते. आमच्या संस्थेचं उद्दिष्ट घटनेत लिहिलंय: शास्त्रीय नृत्याचा प्रचार आणि प्रसार. आता नृत्याच्या प्रचारावर केलेला सगळ्यात सरळ खर्च कोणता? शाल की नर्तकी? कायदा जिथे डोळे वटारतो ती जागा वेगळीच आहे. संस्थापक, विश्वस्त आणि त्यांचे नातेवाईक यांना वाजवीपेक्षा जास्त फायदा मिळाला, तर करमाफी धोक्यात येते. म्हणजे विश्वस्तांच्या मुलीला इतरांच्या दसपट मानधन दिलंत तर अडचण. सगळ्यांना एकाच दराने, व्हाउचरवर सही घेऊन दिलंत तर काहीही अडचण नाही. जीएसटीच्या अधिसूचनेत तर शास्त्रीय किंवा लोककलेचा प्रयोग करणाऱ्या कलाकाराला एका प्रयोगासाठी दीड लाख रुपयांपर्यंत मिळणाऱ्या मोबदल्यावर कर माफ आहे. शास्त्रीय नृत्य करणाऱ्याला पैसे मिळू शकतात ही कल्पना दिल्लीतल्या कर-खात्याला सुचली. सदाशिव पेठेत अजून पोचलेली नाही.

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देते, कारण ते मला रोज दिसतं. लिनक्स फाउंडेशन ही ना-नफा संस्था आहे, आणि लायनस टॉरवाल्ड्सला पगार तीच देते. त्याने फुकट वाटलेल्या गोष्टीवर जगातले निम्मे सर्व्हर चालत असतील, पण म्हणून त्याने घरभाडं दुसरीकडून कमवून आणावं असं कुणी सुचवत नाही. आणि नृत्यातलंच हवं असेल तर न्यू यॉर्क सिटी बॅले घ्या. १९४८ साली सुरू झालेली ही कंपनी ना-नफा आहे. तिथल्या नर्तकांची युनियन आहे, करार आहेत, पगार ठरलेला आहे. 'तिकडचं वेगळं असतं' हे मला मान्य. तिकडे देणगीदार आहेत, तिकीट विकत घेणारा प्रेक्षक आहे. माझा मुद्दा एवढाच की 'ना-नफा' या शब्दावर बोट ठेवून कुणाला गप्प बसवता येत नाही. पैसे नाहीत म्हणून देत नाही, असं म्हणा. ते निदान खरं असू शकतं.

ते खरं आहे का? बऱ्याचदा आहे. मी आमची शीट पाहिली आहे. ताईंनी त्या वर्षी स्वतःच्या खिशातले पैसे घातले होते, हे मला माहीत आहे, कारण ती ओळही मीच भरली. इथे कुणी गबर होत नाहीये. पण पैसे का नाहीत, याचं उत्तर आमच्या निमंत्रणपत्रिकेवरच छापलेलं होतं: 'कार्यक्रम सर्वांसाठी विनामूल्य खुला. काही जागा निमंत्रितांसाठी राखीव.' पुण्यात हे वाक्य आपण इतक्या अभिमानाने छापतो की जणू ती संस्कृतीची सेवा आहे. विनामूल्य कुणासाठी? सभागृहाने भाडं सोडलेलं नाही. वीज फुकट नाही. पहिल्या रांगेतल्या काकांना जो कार्यक्रम विनामूल्य मिळतोय, त्याची किंमत चौदा जणींनी चार महिन्यांच्या शनिवार-रविवारांनी आणि प्रत्येकी दीड हजारांनी आधीच भरलेली आहे. त्या काकांनी मध्यंतरात कॉफी घेतली तर तिचे पैसे मात्र ते निमूट देतात. शंभर रुपये तिकीट लावलं तर कुणी येणार नाही, असं म्हणतात. शक्य आहे. मग आपण ज्याला प्रेक्षक म्हणतो आहोत त्याला नक्की काय हवं आहे, हेही एकदा कळून जाईल.

आता पैशापेक्षा अवघड अडचणीकडे येते, ती म्हणजे शब्द. मराठीत कलाकाराला पैसे देण्यासाठी किती शब्द आहेत बघा. बिदागी. मानधन. नाटकात 'नाईट'. तमाशात 'सुपारी' आणि 'उचल'. संगीत बारीत दौलतजादा. 'पगार' आणि 'मजुरी' हे शब्द मात्र आपण चुकूनही लावत नाही. 'मानधन' हा तर फार हुशार शब्द आहे. धनाच्या आधी मान आहे, आणि धन कमी पडलं तर मानावर भागवून नेता येतं. आमच्याकडे ते पूर्णच मानावर भागवलं जातं. कार्यक्रमानंतर एक गुलाबाचं फूल आणि ताईंची शाबासकी. मला ती शाबासकी हवीहवीशी वाटते, हे खोटं कशाला बोलू.

दौलतजादा आणि सुपारी हे शब्द ऐकूनच आमच्या ग्रुपमधल्या काही आयांच्या कपाळावर आठ्या येतील, आणि माझ्या मते खरी गोम तिथे आहे. नाचून पैसे घेणारी बाई ही महाराष्ट्राला नवी नाही. यात्रांचा हंगाम जवळ आला की नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक येऊन खेळ ठरवतात, सुपारी देतात. फडातल्या कलाकाराला हंगामाची उचल मिळते. यात फार काही सुंदर नाही. उचल फेडता फेडता माणूस त्याच फडाला बांधला जातो, आणि पाऊस पडला, यात्रा रद्द झाली की सगळ्यांचेच वांधे. पण नाच हे काम आहे आणि कामाला दाम आहे, याबद्दल तिथे कुणाच्या मनात गोंधळ नाही. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला, आज त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं, आणि त्यांचे शेवटचे दिवस ओढगस्तीत गेले, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मान आणि धन एकत्र चालत नाहीत याचं आपल्याकडे याहून मोठं उदाहरण नसेल.

विसाव्या शतकात जेव्हा पांढरपेशा घरांतल्या मुली नाचायला लागल्या, तेव्हा त्यांना एक अंतर राखावं लागलं. 'त्या' नाचतात आणि 'आमची' नृत्य करते. हे अंतर कशाने राखायचं? कथकचं म्हणाल तर ते दरबारांतून आणि तवायफांच्या कोठ्यांतूनच आपल्यापर्यंत आलेलं, त्यामुळे नुसत्या शैलीने फरक पडेना. पडला तो पैशाने. आमची मुलगी पैशासाठी नाचत नाही. हे वाक्य त्या काळात एखाद्या मुलीला रंगमंचावर उभं राहण्याची परवानगी मिळवून देत असेल, आणि त्या बायकांनी ज्या हिमतीने ती मिळवली त्याबद्दल मला आदरच आहे. पण परवानगी मिळून आता कित्येक दशकं झाली. आजही आपण पाकीट पुढे आलं की दोन पावलं मागे सरतो, ते कलेच्या पावित्र्यासाठी नाही. आपण 'त्यांच्यातल्या' नाही, हे सिद्ध करण्यासाठी. यात जात आहे, वर्ग आहे, हे मी इथे बारीक आवाजात म्हणणार नाही.

आणि पैशाने कला बाटते असं म्हणणारे तबलजींच्या पाकिटाकडे का बघत नाहीत, हे मला कळलेलं नाही. आमचे तबलजी उत्तम वाजवतात. १२,००० घेऊनही उत्तमच वाजवतात. साथीला पैसे आणि मुख्य कलाकाराला गुलाब, हा न्याय मला कुणीतरी समजावून सांगा. साथीदार बहुधा पुरुष असतात आणि नाचणाऱ्या बहुधा मुली, हा योगायोग असावा.

गुरु-शिष्य परंपरेचा मुद्दा मात्र मी असा उडवून लावणार नाही. मी आठवीत असल्यापासून ताईंकडे शिकते. त्यांनी मला किती तास शिकवलं याचं बिल त्यांनी लावलं असतं, तर ते मला आजच्या पगारातही परवडलं नसतं. विशारदच्या परीक्षेआधीचा महिना त्या मला रोज सकाळी सहाला घरी बोलवायच्या, आणि त्याचा एक रुपया घेतला नाही. हे ऋण आहे, आणि ते मानधनाच्या शीटमध्ये बसत नाही. पण परंपरेचं नाव घेणाऱ्यांना एक आठवण करून द्यायला हवी. जुन्या पद्धतीत शिष्य गुरूकडे राहायचा, राबायचा, पण जेवायचाही तिथेच. आम्ही दरमहा फी भरतो, पोशाख शिवतो, घुंगरू विकत घेतो, गुरुपौर्णिमेला वर्गणी काढतो. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची नृत्य-नाट्य-संगीत संस्थांसाठी जी अनुदान योजना आहे, तिचं नावच गुरु-शिष्य परंपरेवर आहे, आणि त्यात गुरूबरोबर शिष्यांनाही दरमहा रक्कम धरलेली आहे. सरकारने परंपरेचा अर्थ लावताना शिष्याच्या पोटाचाही विचार केला. आपण मात्र परंपरेतला सोयीचा अर्धा भाग उचलला.

शिवाय क्लास आणि ग्रुप या दोन गोष्टी आहेत. सतरा वर्षांची मुलगी गुरुपौर्णिमेला दहा मिनिटं तोडे-तुकडे सादर करते तेव्हा ती शिकत असते. तिला कुणी पैसे द्यावेत असं मी म्हणत नाही; प्रेक्षकांनी सहन केलं तेवढं पुष्कळ. पण बारा-पंधरा वर्षं शिकलेली, अलंकार झालेली बाई एका कंपनीच्या वार्षिक समारंभात नाचते, आणि त्या कंपनीने संस्थेला त्याचे पैसे दिलेले असतात, तेव्हा ती शिकत नसते. ती काम करत असते. कुठे शिकणं संपतं आणि काम सुरू होतं हे ठरवायला मला तरी फार तत्त्वज्ञान लागत नाही. मी आले नाही तर कार्यक्रम अडेल का? मी उशिरा आले तर मला बोलणी बसतील का? माझ्या नाचण्याचे कुणीतरी कुणालातरी पैसे देतंय का? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल आणि ते कुणालातरी मी नसेन, तर मला निदान आकडा कळला पाहिजे. आमच्या ग्रुपने अशा दोन 'सुपाऱ्या' घेतल्याचं मला शीट बनवेपर्यंत माहीतच नव्हतं. मी त्या दोन्हींत नाचले होते. (सुपारी हा शब्द माझा. संस्थेच्या पावतीवर 'देणगी' होतं.)

आणि आता जे सांगायला मी हा लेख लिहायला घेतला, ते सांगते. आतापर्यंतचं सगळं वाचून वाटेल की मी फार लढवय्यी आहे. नाही.

आमच्या ग्रुपमध्ये माझ्या उजवीकडे जी नाचायची, तिला मी इथे उजवीकडचीच म्हणते. तिच्यासारखी तत्कार मी ग्रुपमध्ये दुसऱ्या कुणाची ऐकली नाही. ती भोसरीहून यायची, मनपाला बस बदलून. तालीम साडेआठला संपायची, ती घरी दहाच्या पुढे पोचायची. सकाळी एका दुकानात बिलिंगला होती. शनिवारी सुट्टी मागून-मागून तिचे पैसे कापले जायचे. 'सहभाग शुल्क' ती तीन हप्त्यांत द्यायची, हे मला माहीत होतं, कारण शीट माझ्याकडे होती.

मी तो प्रश्न विचारल्यानंतरच्या आठवड्यात ताईंनी तालमीनंतर सगळ्यांना बसवलं. त्यांच्या मनात खरंच होतं की काहीतरी करावं. त्या म्हणाल्या, "आपल्यात पैशाचा विषय कधी निघाला नाही. पण कुणाला अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा. आपण बघू काहीतरी." आणि त्या सगळ्यांकडे बघायला लागल्या.

चौदा जणी. त्यांतल्या नऊ आयटीत किंवा बँकेत, दोघी लग्नानंतर घरी, दोघी शिकणाऱ्या. शांतता. ती शांतता मला सहन होईना. प्रश्न मीच काढला होता, सगळ्यांना वाटत असणार की हिलाच पैसे हवेत. हिंजवडीत एवढा पगार घेऊन हिला गुरूंकडून बसभाडं हवंय! मी पटकन म्हणाले, "नाही ताई, मी आपलं सहजच विचारलं होतं. आम्हाला कुणालाच नकोत पैसे. आम्ही आनंदासाठीच करतो."

'कुणालाच' म्हणाले मी. सगळ्यांनी माना हलवल्या. उजवीकडची पायातले घुंगरू सोडत होती. तिनेही मान हलवली.

तेव्हा मला वाटलं होतं की मी विनम्र आणि निःस्वार्थ वागले. आज वाटतं की मी त्या खोलीतला दर शून्यावर नेऊन ठेवला. ज्याचं पोट दुसरीकडे भरलेलं आहे त्याने 'मला नकोत' म्हटलं की ज्याला हवे आहेत त्याला तोंड उघडायची सोय राहत नाही. त्यानंतर हात वर करणं म्हणजे चौदा जणींत एकटीने 'मला कलेपेक्षा पैसा मोठा' असं कबूल करणं. आणि 'अडचण असेल तर सांगा' या मायेच्या वाक्यातही तोच सापळा होता. जे तबलजींना न मागता मिळतं, ते नाचणारीला अडचण सिद्ध करून, मदत म्हणून मागावं लागणार होतं. माझ्या कंपनीत पगारवाढीच्या वेळी मॅनेजरने सगळ्या टीमसमोर विचारलं असतं, 'कुणाला अडचण आहे?' तर मी लिंक्डइनवर किती मोठी पोस्ट लिहिली असती!

उजवीकडची पाच-सहा महिन्यांनी यायची बंद झाली. भांडण नाही, निरोप नाही. 'घरचं जरा' असं काहीतरी ग्रुपवर लिहिलं होतं, त्यावर आम्ही हात जोडल्याचे इमोजी टाकले. पुढे कळलं की ती लग्नांमधले संगीत बसवते. नवरीच्या मैत्रिणींना आठ दिवसांत दोन गाणी शिकवायची, प्रत्येक गाण्याचे अमुक. आमच्यातली एक म्हणाली, "एवढा चांगला हात होता तिचा. वाया गेली." आम्ही हळहळलो. वाया घालवणाऱ्यांत आपण होतो हे कुणाच्या मनात आलं असेल तर ती बोलली नाही. मीही नाही.

म्हणून मला आता 'प्रेमापोटी करतो' या वाक्याची चीड येते, आणि सगळ्यात जास्त ती माझ्या तोंडून आल्यावर येते. फुकट नाचणं हा त्याग वाटतो, पण ती एक चाळणी आहे. या चाळणीतून खाली कोण पडतं ते बघा, आणि वर कोण उरतं ते बघा. वर आम्ही उरलो. हिंजवडी, खराडी, बाणेर. मग आम्हीच परिसंवादांत बसून चिंता करणार की शास्त्रीय नृत्य एका विशिष्ट वर्गापुरतं का राहिलं.

काय करायचं, असं कुणी विचारेल. फार काही नाही. बसभाडं आणि रिक्षा, सगळ्यांना, न मागता. सहभाग शुल्क बंद. बाहेरच्या कार्यक्रमाचे पैसे आले तर आकडा ग्रुपवर टाकायचा; खर्च वजा जाता जे उरेल त्यातला ठरलेला हिस्सा नाचणाऱ्यांत समान वाटायचा, मग तो माणशी तीनशे का असेना. शाली कमी. ज्याला पैसे नकोत त्याने ते आधी घ्यावेत, सही करावी, आणि नंतर हवं तर संस्थेला देणगी द्यावी, पावती घेऊन. तसं केलं तर न घेणारा आणि घेणारा दोघं व्हाउचरवर सारखेच दिसतात. हे मी ताईंना लिहून दिलं आहे. त्यांनी वाचलं. 'बघू' म्हणाल्या. त्यांना राग आला असावा, पण त्या पुढच्या तालमीला माझ्याशी नेहमीसारख्याच वागल्या, आणि हे माझ्या दृष्टीने रागावण्यापेक्षा अवघड होतं.

गेल्या डिसेंबरात उजवीकडचीचा फोन आला. एका समारंभासाठी तिला सहा जणी हव्या होत्या, एक आजारी पडली होती. तराना आपलाच जुना, दोन तालमी, एक प्रयोग. मी लगेच हो म्हटलं. ती म्हणाली, "अडीच हजार देतेय सगळ्यांना."

"अगं, मला कशाला? मला नकोत," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

ती क्षणभर गप्प होती. मग म्हणाली, "मग तू येऊ नकोस. मी दुसरी बघते."

मी अडीच हजार घेतले.